बाबांचं सिमेंट

मिस्त्रींनी पश्चिमेच्या भिंतीवर पहिली छिन्नी मारली ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. शेवटचा पाऊस होऊन तीन महिने उलटले होते. गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा सुटून ओट्यावर पडला आणि आतली भिंत उघडी झाली. ती ओली होती. मिस्त्रींनी बोट घातलं तर जुना चुना भिजवलेल्या बेसनासारखा बोटाला लागला. "ताई, हात लावून बघा," ते म्हणाले. मी तळवा टेकवला. बाहेर अंग फुटेल अशी कोरडी हवा, आणि आमच्या घराची भिंत मात्र माठासारखी गार.

तो गिलावा माझ्या बाबांनी करून घेतला होता. १९७९ साली. मी आठ वर्षांची होते आणि मला ते दिवस चांगले आठवतात, कारण तेव्हा आम्ही भावंडं सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपत होतो. त्या काळी सिमेंट दुकानात जाऊन सहज विकत मिळत नसे. भाव आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात, घराच्या कामाला परवाना लागे. हे नियंत्रण १९८२ च्या फेब्रुवारीत थोडं सैल झालं आणि पुरतं उठायला १९८९ उजाडलं. बाबांनी परवान्यासाठी किती खेपा घातल्या ते त्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे: ट्रामच्या जमान्यातला माणूस, बसभाड्याचे पैसेसुद्धा लिहून ठेवायचा. एका पानावर आहे, 'परवाना मंजूर. सिमेंट ८ गोणी.' आणि त्याखाली दोन रेघा. बाबा एकूण बेरजेखालीसुद्धा एकच रेघ मारत.

त्या आठ गोण्यांना ओल लागू नये म्हणून त्या आतल्या खोलीत, पाटांवर रचून ठेवल्या होत्या. वरून आजीची जुनी गोधडी. रात्री कूस बदलली की हाताला गोणीचा खरखरीत ताग लागायचा. पुढच्या महिनाभरात पश्चिमेच्या भिंतीचा पोपडे आलेला चुना खरवडून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला. गुळगुळीत, करडा, कडक. आम्ही त्याच्यावर नाणं आपटून टणटण आवाज काढायचो. बाबा ऑफिसातून आले की कपडे बदलण्याआधी भिंतीपाशी जायचे आणि तिच्यावर पाणी मारायचे, एकवीस दिवस. वाडीतले लोक बघायला आले होते. "आता शंभर वर्षं बघायला नको," असं कुणीतरी म्हणालं आणि बाबांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

शंभरांतली पंचेचाळीस झाली आणि ती भिंत आम्हाला पुन्हा उघडावी लागली.

आमचं घर गिरगावात खोताच्या वाडीत आहे. वाडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन, त्यांनी ती तुकड्या-तुकड्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली, आणि त्यांनी इथे घरं बांधली. उतरती कौलं, बाहेरून चढणारा लाकडी जिना, पुढे ओटा, वर कठड्याची गॅलरी, आणि छपराच्या कडेला कातरकाम केलेल्या फळ्यांची झालर. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मुळचे कोकणपट्टीचे लोक. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी आपली संघटना काढली आणि हे नाव घेतलं. घरात मराठी बोलतात. आमच्या आजोबांनी १९३८ साली हे घर अशाच एका कुटुंबाकडून घेतलं. पुढच्या खोलीतल्या ज्या कोनाड्यात मदर मेरी होती त्या कोनाड्यात आजीने अन्नपूर्णा ठेवली, आणि जाताना त्या घरच्या बाईंनी आजीला सांगितलं होतं की इथे रोज दिवा लागतो, तो तेवढा चालू ठेवा. तो अजून लागतो.

एकेकाळी वाडीत पासष्ट घरं होती असं सांगतात. आता तिसाच्या आत आली आहेत.

गिरगावात जुनी घरं का पडली, याचं कारण सगळ्यांना माहीत आहे, तरी एकदा सांगते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळपास १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला त्याने आधार दिला, तो हवाच होता. पण तेवढ्या भाड्यात मालक डागडुजी करीना, आणि वीस-बावीस वर्षांत इमारती अशा खचल्या की १९६९ साली सरकारला दुरुस्तीचं मंडळ काढून उपकर बसवावा लागला. चाळींची ही कथा. आमच्या घरात भाडेकरू नव्हता. त्यामुळे जे काही बरंवाईट झालं ते आमच्याच हातून.

घरात आता काकू राहते. काका गेले, बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, आई त्यांच्या आधी. मी ठाण्यात, दादा डोंबिवलीत. दर जुलैत काकूचा फोन यायचा: माडीवरच्या कोपऱ्यात बादली ठेवलीय, या वर्षी दुसरीही ठेवलीय. आम्ही जायचो, निळी ताडपत्री घालून यायचो. तीन वर्षांपूर्वी माडीवरून चालताना दादाच्या पायाखालची फळी दबली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ताडपत्रीने भागणार नव्हतं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. पाडून स्लॅब टाकू, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवू, काकूला स्वच्छ, कोरडं घर देऊ. ते नियमात बसत नाही असं कळलं तेव्हा तो चिडला. "काकू पंचाहत्तरीची. रात्री दोनला उठून मागच्या दारच्या संडासात जाते, तेही पावसात. आणि आपण खिडकीच्या आकाराची परवानगी मागत बसायचं? आपण म्युझियममध्ये राहतो का?" मला त्याला काही उत्तर देता आलं नाही, कारण तो बरोबर बोलत होता. नियमांवर लिहिणारी बरीच माणसं अशा घरात राहत नाहीत, रात्री दोनला उठत नाहीत. ही गोष्ट मला कायम लक्षात ठेवायची आहे.

मुंबईत हेरिटेजचे नियम आले १९९५ मध्ये, विकास नियंत्रण नियमावलीतला ६७ वा नियम म्हणून. देशात एखाद्या शहराने असं प्रथमच केलं. २०३४ च्या विकास आराखड्याबरोबर आलेल्या नियमावलीत तोच विषय ५२ व्या क्रमांकावर आहे. इमारतींच्या श्रेणी आहेत: पहिली, दुसरीचे अ आणि ब, आणि तिसरी. पहिलीला जवळपास हातच लावायचा नाही, आणि खाली येत जाऊ तशी मोकळीक वाढते. एकेकट्या इमारतींसोबत आख्खे परिसरही यादीत आहेत, कारण आमच्यासारखं साधं घर एकटं उचलून दाखवावं असं काही नसतं, पण शेजारच्या दहा घरांसोबत उभं असलं की त्याला अर्थ येतो. हेरिटेज समिती अर्ज तपासून शिफारस करते, परवानगी निघते महापालिकेतून. आत बरंच काही बदलता येतं. बाहेरचं रूप, उंची, छपराचा उतार, खिडक्यांची ठेवण, रंग, हे सांभाळायचं.

हे सगळं मला आमच्या आर्किटेक्ट बाईंनी समजावलं. जुन्या घरांचं काम करणाऱ्या आहेत. त्यांनी पहिल्या भेटीतच दादाला सांगितलं, "आधी काकूंची न्हाणी आणि कमोड. तो घराच्या आतला प्रश्न आहे, तो आपण घरात सोडवू." मागच्या पडवीची न्हाणी झाली, भिंतीला धरायला दांडा लागला, आणि दादाचा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा फाइलने वाढवला. एका कार्यालयात ती सात महिने एकाच टेबलावर होती. एक फोटो कमी, मग एक नकाशा कमी, मग तो फोटो जुना झाला म्हणून नवा. मधल्या पावसात माडीवर तिसरी बादली आली. घर टिकवायला सांगणाऱ्याने घर भिजतंय याची घाई दाखवायला हवी, एवढी अपेक्षा मी अजूनही चुकीची मानत नाही. आणि पैसा? वाढीव बांधकामाचा हक्क सोडला तर तो दुसरीकडे विकता यावा अशी सोय कागदावर आहे. एवढ्याशा घरासाठी ते सगळं पार पाडायचं बळ आमच्यात नव्हतं. दादाने पीएफमधून काढले, मी एक एफडी मोडली.

आता त्या भिंतीकडे परत येते.

चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसाळ्यात ओलसर होते, दिवाळीपर्यंत वाळते, असं तिचं वर्षाचं चक्र असतं. सिमेंट घट्ट. ते पाणी सहज आत येऊ देत नाही हे खरं, पण भिंत जरा हलते-डुलते, उन्हाने फुगते-आकसते, आणि कडक गिलाव्याला केसासारख्या चिरा जातात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो चिरांतून आत जातो आणि त्याला बाहेर यायची वाट मिळत नाही. मग पाणी वर चढतं, आतल्या बाजूला फुटतं, खारट हवेच्या या गावात भिंतीला लोणा लागतो. आमच्या आतल्या भिंतीला पांढरी फुली यायची, काकू दर दसऱ्याला ती झाडूने झाडायची. आणि तुळयांची टोकं त्याच भिंतीत रोवलेली. पंचेचाळीस वर्षं ती टोकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखी होती.

मिस्त्रींनी एका तुळईच्या टोकात पटाशी टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली, लोण्यात जावी तशी. बाहेर काढली तर पात्यावर कॉफीच्या गाळासारखं काहीतरी होतं. बर्मा सागवान, जे इंग्रजांच्या काळात जहाजातून आलं. हातभर पुढे तेच लाकूड इतकं कणखर की पटाशी उसळून आली.

मी जिन्यावर बसले. दादा खाली ओट्यावर होता. तो काहीच बोलला नाही, आणि मीही. दोघांच्याही मनात ती वही होती. घराला सगळ्यात महाग, सगळ्यात दुर्मीळ, सगळ्यात चांगलं म्हणून बाबांनी जे दिलं, ज्याला गोधडी पांघरून निजवलं, त्यानेच घर आतून कुजत गेलं. बाबांना हे कधी कळलं नाही. काकू मागून आली, तिने तुळईच्या भोकात बघितलं आणि म्हणाली, "भाऊजींना कुणी सांगितलंच नाही गं. तेव्हा चुना म्हणजे गरिबी होती." खरंच तसं होतं. चुन्याच्या घाण्या बंद पडत चालल्या होत्या, चुन्याचं काम येणारे गवंडी म्हातारे झाले होते, आणि शहाणी माणसं सिमेंट वापरत होती. बाबा शहाण्यांसारखे वागले.

या प्रसंगाने माझं नियमांबद्दलचं मत घडलं. नियमाचे डोळे गल्लीत उभे असतात. त्याच सिमेंटवर आम्ही चालेल तो रंग दिला असता तर गल्लीतून कुणाला काही खटकलं नसतं. घर सुरेख दिसत राहिलं असतं आणि कुजत राहिलं असतं. बाईंनी हट्ट धरला म्हणून भिंत उघडली. जुन्याला जुनंच साहित्य हवं हा आग्रह अर्जात एका ओळीत येतो, पण तो का, हे घरमालकाला बसून सांगणारं कुणीतरी प्रत्येक वाडीत असायला हवं. कागद हातात देऊन कुणाला घर कळत नाही.

सिमेंट काढायला अकरा दिवस लागले. आठ गोण्या आल्या होत्या. त्यांच्यासोबतची वाळू, तिला धरून आलेला चुना, विटांचे टवके, असं सगळं मिळून डेब्रिजच्या सत्तरेक गोण्या बाहेर गेल्या. वाडीत ट्रक येत नाही. मजूर एकेक गोणी डोक्यावरून रस्त्यापर्यंत नेत होते. दादा पहिल्या दिवशी मोजत होता, मग त्याने मोजणं सोडलं आणि स्वतःच एक गोणी खांद्यावर घेतली. साठीचा माणूस. मी नको म्हणाले नाही.

रंगाची गोष्ट मात्र गोड आहे. बाहेर कुठला रंग द्यायचा ते ठरवण्यासाठी बाईंनी पुढच्या भिंतीवर, जिथे सिमेंट लागलं नव्हतं, तळहाताएवढी जागा धारदार पात्याने पायरी-पायरीने खरवडली. प्रत्येक पायरीवर एक रंग. एकूण सात. बाई नोंद करत होत्या, "थर एक, थर दोन," आणि काकू चष्मा लावून पुढे आली.

"हा क्रीम, ताईच्या लग्नाचा. म्हणजे तुझ्या. हा त्याच्या आधीचा, बाबूच्या मुंजीचा. हा पिस्ता माझा." पिस्ता रंगावर तिने बोट ठेवलं. "अडुसष्ट साली मी आले तेव्हा ताजा होता. शालूला लागला होता इथे, जिन्यापाशी." त्या खालचा एक निळसर, तो तिला ठाऊक नव्हता, पण तिच्या सासूकडून ऐकलं होतं की स्वातंत्र्याच्या वर्षी चुन्यात नीळ घालून घर रंगवलं होतं. त्याखाली अजून दोन, आणि सगळ्यात तळाशी, विटेला धरून, पिवळा. चुन्यात पिवडी घालून दिलेला. तो आमच्याही आधीच्या घरच्यांचा.

काकूला पिस्ता हवा होता. मलाही तिच्यासाठी तोच हवा होता. पण तो ऑइल पेंट होता, आणि चुन्यावर ऑइल पेंट दिला की पुन्हा तोंड बांधल्यासारखं होणार, हे आता काकूलाही कळलं होतं. "मग तळाचा द्या," ती म्हणाली. "ज्यांनी बांधलं त्यांचा." ते सात थरांचं चौकोनी दार आम्ही बुजवलं नाही. जिन्याच्या बाजूला, हाताच्या उंचीवर, ते तसंच ठेवलंय. शेजारच्या आंटी येता-जाता तिथे थांबतात. त्यांच्या नवऱ्याच्या आईने बघितलेलं घर कुठल्या रंगाचं होतं, यावर त्यांचं आणि काकूचं अजून एकमत नाही.

चुन्याचं काम हळू. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो, अक्षरशः, वाफ निघते, जवळ उभं राहवत नाही. मग विरवून तो मुरत ठेवायचा. आमचा चुना काम सुरू व्हायच्या कितीतरी आधी बाईंनी दुसरीकडे मुरवत ठेवला होता. त्यात वाळू, विटांची सुरखी, थोडं गुळाचं पाणी आणि बेलाच्या गराचं पाणी. बेलफळं मी ठाण्याहून पिशवीभर नेली, आमच्या सोसायटीच्या मागे झाड आहे. मिस्त्री म्हणाले, पूर्वी हिरडा, मेथी, उडीदसुद्धा घालत. भिंतीला लागल्यावर तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो, ज्या दगडातून तो भाजून काढलेला असतो तोच. महिनोनमहिने चालतं हे. वरचा थर उन्हाने एकदम वाळू नये म्हणून ओलं गोणपाट लावून ठेवायचं. काकू दुपारी चारला गोणपाटावर पाणी मारायची. बाबांच्या एकवीस दिवसांसारखीच, ह्या वेळी मात्र हाताने शिंपडून, सडा टाकतात तसं.

पाच तुळयांपैकी चारींची टोकं कापून तिथे जुन्या सागवानाचे तुकडे लांब तिरक्या सांध्याने जोडले. पाचवी अर्ध्याहून जास्त गेली होती, ती पूर्ण बदलायची होती. नवं लाकूड तसं मिळत नाही. त्याचे वाढीचे वेढे विरळ असतात. त्यासाठी मी आणि मिस्त्री रे रोडला गेलो, लाकडाच्या वखारींत. तिथे पाडलेल्या इमारतींच्या तुळया, खांब, दारं एकावर एक रचून ठेवलेली असतात. प्रत्येकावर कुठल्यातरी घराचा रंग. मिस्त्री नखाने टकटक करत, वास घेत फिरत होते. त्यांनी एक निवडली. वखारवाला म्हणाला, फणसवाडीकडच्या एका चाळीतली आहे, तिथे आता टॉवर होतोय. तुळईच्या बरोबर मध्ये एक लोखंडी कडी होती, आतून घासून चकचकीत झालेली. पाळण्याची कडी.

मी तिच्यातून बोट फिरवलं. बिऱ्हाडात किती मुलं वाढली असतील, एकेका पाळण्याने किती हजार झोके दिले असतील की लोखंडाला खळ पडावी! त्या चाळीतली माणसं आता कुठे असतील, विरारला की बदलापूरला, कुणास ठाऊक. त्यांच्या डोक्यावरचं लाकूड आम्ही आमच्या डोक्यावर घ्यायला निघालो होतो. माझा पाय तिथून हलेना. मिस्त्रींनी विचारलं, "कडी काढून टाकू?" मी घरी फोन केला. काकू म्हणाली, "अगं, कडी काढतात का कधी?" ती आहे. आमच्या घरात आता पाळण्यातलं कुणी नाही. तरी आहे.

कौलं मंगलोरी. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि तिथून समुद्रमार्गे ती मुंबईच्या छपरांवर आली. आता कोकणात घराघरावर पत्रे आणि स्लॅब चढतायत, उतरवलेली कौलं अंगणात रचून पडलेली असतात. मिस्त्रींच्या गावातून, राजापुराजवळून, टेम्पोभर आली. त्यांतली नऊशे लागली. चार फुटली ती कुंड्यांच्या तळाशी गेली.

खिडक्यांवर दादाशी शेवटचा वाद झाला. जुन्या झडपांना तिरक्या पट्ट्या आहेत, हव्या तेवढ्या उघडता येतात, वर रंगीत काचा. डासांचं काय, हा त्याचा प्रश्न. आतल्या बाजूने जाळीची वेगळी चौकट बसवली. एसी काकूच्या खोलीत लावला, त्याचं बाहेरचं यंत्र मागच्या बाजूला, गल्लीतून दिसणार नाही असं. मे महिन्याच्या एका दुपारी वीज गेली तेव्हा दादा पुढच्या खोलीत झडपा आडव्या करून लोळला होता. ओट्यावरून येणारा वारा पट्ट्यांतून जमिनीलगत येतो. तासाभराने उठला आणि एवढंच म्हणाला की पूर्वी आपण इथेच झोपायचो, नाही का.

बिल्डरची माणसं येतात. नम्रपणे बोलतात, चहा घेतात. आकडा मोठा असतो, आणि तो नाकारणं प्रत्येकाला परवडतंच असं नाही. जे विकून गेले त्यांच्यावर मी कधी बोट उगारणार नाही. आजारपणं असतात, मुलांची शिक्षणं असतात, सात वारस सात गावांत असतात. एक घर गेलं की शेजारच्या दोघांची भिंत उघडी पडते, एवढंच दिसतं. वाडीतल्या अनंताश्रम खाणावळीचं माशांचं जेवण गेलं. नाताळात घराघरावर कागदी चांदण्या लागतात, त्या मोजायला मुलांना आता फार वेळ लागत नाही. प्लेगच्या साथीच्या काळात उभारलेला क्रूस अजून तिथे आहे आणि मे महिन्यात त्याच्यापुढे प्रार्थना होते. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर लोक बसतात, पूर्वीपासून बसतात. ओटा आमच्या जागेत, पण तो कुणाचा, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. परवानगीच्या कागदात त्याला 'दर्शनी भाग' म्हटलंय. मला आधी तो शब्द खटकायचा, दुकानासारखा वाटायचा. आता वाटतं, बरोबर आहे. पुढचं अर्धं घर आपण बघत नाही. ते समोरचे बघतात. आंटींनी सत्तर वर्षं सकाळी उठून आमची झालर बघितली आहे. आम्ही ती फार तर खालून जाता-येता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. मी मुद्दाम राहायला गेले होते. रात्री अकराच्या सुमारास धो-धो सुरू झाला, पश्चिमेकडूनच. नव्याने घातलेल्या कौलांवर त्याचा आवाज वेगळा येतो, ताडपत्रीचा फडफडाट नसलेला, नुसता पाण्याचा. मी टॉर्च घेऊन माडीवर गेले, तर काकू आधीच तिथे उभी. हातात बादली.

"लागणार नाही, काकू."

"असू दे गं. सवय आहे."

तिने बादली कोपऱ्यात ठेवली. आम्ही दोघी तक्तपोशीवर बसून राहिलो. साधारण तासाभराने भिंतीकडून वास आला. ओल्या पाटीसारखा, थोडा विड्याच्या चुन्यासारखा. मला नवीन होता. काकूने मान वळवली, उठली, आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली.

"हा वास यायचा," ती म्हणाली. "मी आले तेव्हा पहिल्या पावसात हा वास यायचा. मला वाटायचं, मुंबईच्या पावसालाच असतो." मग बराच वेळ काही बोलली नाही. खाली उतरताना म्हणाली, "भाऊजींनी गिलावा केल्यावर गेला तो. मी विसरूनच गेले होते."

बादली सकाळी कोरडी होती. काकूने ती उचलली नाही. ऑगस्ट संपला तरी ती तिथेच आहे, आता तिच्यात काकूचे लोकरीचे गुंडे असतात. तशी भिंत पूर्ण बरी झालेली नाही. खालच्या बाजूला, जोत्यापासून वीतभर, अजून ओल दिसते. बाई म्हणतात, पंचेचाळीस वर्षांचं पाणी आहे, दोन-तीन उन्हाळे लागतील. बाबांची वही मी ठाण्याला आणलीय. दोन रेघांच्या त्या पानापुढे बरीच कोरी पानं आहेत. दादाने खर्चाचे कागद माझ्याकडे पाठवलेत, पण मी अजून काही लिहिलेलं नाही.

झालरीच्या चौदा फळ्यांपैकी अकरा झाल्या. तीन राहिल्यात, पैसे संपले होते, आता दादाचा बोनस येईल. एकेक फळी मिस्त्री हाताच्या करवतीने कातरतात, जुन्या फळीचा पुठ्ठ्यावर काढलेला साचा समोर ठेवून: एक पान, एक ठिपका, एक पान. आंटी रोज वरून विचारतात की उरलेल्या तीन कधी. मिस्त्री गणपतीला गावी गेलेत. अनंत चतुर्दशी झाली की येतो म्हणालेत.